लादीखालची घूस

हिरामणच्या घरी एक रेकॉर्ड आहे, आणि तिच्या कव्हरवर खुद्द हिरामण आहे. कुठे, तर मागे डाव्या कोपऱ्यात, मिठाच्या ढिगाशी, पाठमोरा, करंगळीच्या नखाएवढा. पुढे चार केसाळ पोरं गुडघाभर चिखलात उभी आहेत, गळ्यात गिटारी. त्यांच्या बँडचं नाव मडफ्लॅट्स. पंच्याऐंशीच्या सुमाराला ही वांद्र्याची पोरं फोटो काढायला पेणच्या खाडीवरच्या मिठागरात आली, तेव्हा हिरामण तिथे मीठ ओढत होता. फोटोवाल्याने त्याला बाजूला हो म्हणून दोनदा सांगितलं. तो झालाही. पण किती, तर फोटोत राहील इतपतच.

गावात कुणी विचारलं, “कशावरून हा तूच?” तर हिरामण म्हणतो, “पाठ बघ की.”

जाताना पोरांनी रेकॉर्ड पाठवायचा शब्द दिला होता, त्याला ती जागली. वर्षभराने मिठागराच्या पत्त्यावर रेकॉर्ड आली. घरात ती वाजवायला काही नव्हतं, म्हणून हिरामण ती नुसती दाखवत हिंडायचा. दाखवायचं ते कव्हर. आतली काळी तबकडी कुणाच्या खिजगणतीतही नव्हती. त्याची आई नीराबाई मोठी टापटिपीची. तिने ती तबकडी सुकटाच्या डब्यावर झाकण म्हणून घातली, आणि मापाचं झाकण मिळालं म्हणून खूश झाली. हिरामणला ते कळेपर्यंत तबकडीला सुकटाचा वास लागला होता आणि दुसऱ्या बाजूवर एक ओरखडा पडला होता. वास यथावकाश गेला. ओरखडा राहिला.

पुढे मिठागर सुटलं. हिरामण ट्रकवर क्लीनर म्हणून चढला, ड्रायव्हर झाला, स्वतःच्या गाडीचा मालक झाला. मधल्या काळात ठमीशी लग्न झालं, आणि लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मुंबईच्या जुन्या बाजारातून तो एक रेकॉर्ड प्लेयर घेऊन आला. त्या संध्याकाळी अर्धी आळी त्यांच्या घरात. तबकडी फिरायला लागली आणि दोन गाण्यांत घर रिकामं झालं. हिरामणचा मित्र रघू जाता जाता म्हणाला, “भांड्यांची मांडणी कोसलली का काय, असा वाटला मना.” रघूचं ते मत आजतागायत बदललेलं नाही.

उरले हिरामण, नीराबाई आणि दारात उभी नवी सून. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात सुई ओरखड्यावर आली आणि अडकली. गाणाऱ्याची एकच हाक, पुन्हा तीच, पुन्हा तीच. हिरामणने चिडून जमिनीवर पाय आपटला. सुईने उडी मारली आणि ढोल वाजायला लागला, गाणं पुढे गेलं. तेव्हापासून ती त्या घरची रीतच झाली. तिसरं गाणं लागलं की हिरामण खुर्चीत सावरून बसायचा, हाक अडकली रे अडकली की पाय आपटायचा, आणि गाणं सुटायचं. ढोलाच्या आधी गाण्यात आणखी काही असेल, हे त्याच्या कधी मनातही आलं नाही.

त्या पहिल्या संध्याकाळी ठमीने तबकडी बघायला हात पुढे केला होता. हिरामण म्हणाला, “हात नको लावू. तुना नाय कलायचा यातला.”

बोलला आणि विसरला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. नव्या वस्तूच्या नादात माणूस बोलतो तसं बोलला. पण ठमी काही विसरली नाही. ठमी तेव्हा वीस वर्षांची होती, आणि ‘तुला नाही कळायचं’ हे शब्द तिला माहेरीही पुष्कळ ऐकवून झाले होते. हिरामण आठ दिवसांच्या खेपेवर गुजरातकडे गेला, नीराबाई दुपारची शेजारी जाऊन बसली, तेव्हा ठमीने दार ओढून घेतलं, पदराला हात पुसले आणि तबकडी काढली.

पहिल्यांदा ऐकली ती हट्टाने. दुसऱ्यांदा ऐकली ती, काय नाही कळत ते तरी कळू दे म्हणून. तिसऱ्यांदा कशाला ऐकली ते तिला सांगता आलं नसतं. एवढं खरं, की ती बाई त्या गाण्यांच्या प्रेमात पडली. इंग्रजीचा एक शब्द तिला येत नव्हता, पण गाणारा कुठे श्वास घेतो ते येत होतं. कुठे तो हसतो, कुठे त्याचा आवाज फाटायला येतो आणि फाटत नाही, कुठे मागचा गिटारवाला त्याला जरा थांबवून धरतो, सगळं पाठ. गाण्यांची नावं वाचता येत नव्हती, म्हणून तिने स्वतःच ठेवली. एक तांदूळ निवडायचं गाणं. एक केस विंचरायचं. एक लेकराला मांडीवर निजवायचं. हेमाली आणि निकेत, तिची दोन्ही लेकरं त्यावरच निजली. आणि दुसऱ्या बाजूचं ते तिसरं, ओरखड्याचं, त्याला ती हाकेचं गाणं म्हणायची. कुणीतरी कुणालातरी लांबून बोलावतंय, आणि बोलावणाऱ्याला ठाऊक आहे की ऐकू जात नाहीये. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ते ऐकायची. तिथल्या लादीचं एक टोक रेकॉर्ड प्लेयरच्या टेबलाच्या पायाखाली होतं. हाक अडकली की ठमी त्या लादीवर टाच मारायची आणि सुई उडायची. खुर्चीपर्यंत जायलाही लागत नसे.

हिरामण परत यायच्या आधी तबकडी होती तशी कव्हरात जायची. हे असं पस्तीसेक वर्षं चाललं. नवरा नाक्यानाक्यांवर घाम गाळतोय आणि आपण दुपारी गाणी ऐकतोय, याची सुरुवातीला तिला लाज वाटायची. मग तीही गेली. दिवसभर सगळ्यांचं करून उरलेला तेवढा एक तास तिचा होता, आणि तो कुणाला सांगितला असता तर तो तिचा राहिला नसता. तुम्ही म्हणाल, नवऱ्यापासून एवढं लपवायचं काय त्यात? काही नाही. म्हणूनच तर लपवलं.

मग हिरामणचे गुडघे गेले. ट्रकचं सगळं निकेतने हाती घेतलं आणि हिरामण घरी बसला. त्याला आता तीन वर्षं झाली. लोक म्हणाले, ठमे, सुटलीस, नवरा घरी आला. नवरा घरी आला याचं तिला सुख होतंच, ते खोटं नाही. पण तिची दुपार गेली. आता रेकॉर्ड लागायची ती हिरामणला वाटेल तेव्हा, बहुतेक रविवारी, तीही पहिली बाजू जास्त, कारण दुसऱ्या बाजूला पाय आपटावा लागतो आणि त्याचा गुडघा दुखतो. ठमी आत भाकऱ्या थापत ऐकायची. हाकेचं गाणं महिनोन् महिने कानावर पडायचं नाही. कधीकधी तिला ते इतकं हवंसं व्हायचं की हातातलं काम थांबायचं. पण ‘ती दुसरी बाजू लावा’ असं म्हणायचं तर आधी त्या बाजूवर काय आहे हे आपल्याला पाठ आहे, हे सांगावं लागणार.

घरी बसलेल्या माणसाला घराच्या खोडी दिसायला लागतात. हिरामणला ती स्वयंपाकघराच्या दारातली लादी दिसली. एका बाजूने खचलेली, मधोमध तडा. त्याने वाकून बघितलं, काठीने ठोकून बघितलं आणि जाहीर केलं, “घूस हाय खाली.”

“असंल,” ठमी म्हणाली.

त्याने पेणहून पिंजरा आणला. ठमीने रोज रात्री त्यात इमानदारीने भाकरीचा तुकडा ठेवला आणि रोज सकाळी काढून कोंबड्यांना घातला. “लय हुशार हाय,” हिरामण म्हणायचा, “इतकी वर्सं खालून पोखरलंन, एकदा पन दिसली नाय.” चोराच्या मनात चांदणं, ठमी पदर तोंडाला लावून परसात जायची.

या जानेवारीत हेमालीचा फोन आला. हेमाली नागावला एका होमस्टेचं कामकाज बघते. तिच्या शेजारच्या नारळीच्या वाडीत गाण्यांचा कार्यक्रम होता, आणि कोण येणार होतं, तर मडफ्लॅट्स. चौघांतला एक मागेच वारला, उरलेले तिघे पुन्हा एकत्र आले होते, आणि पोरीने बापासाठी दोन पास मिळवले होते.

हिरामणने फोन ठेवला. मग उठला, कव्हर काढलं, पुसलं. “आता त्या गान्यावाल्याला दाखवीन,” तो म्हणाला. “बोलीन, हा मी.”

“दुसरा पास कोनाला?” ठमीने विचारलं. हातातली वालाची शेंग सोलायची तशीच राहिली होती.

“निकेतला.”

पण निकेतची गाडी नेमकी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बंदरात अडकली. संध्याकाळी त्याचा निरोप आला की बाबा, माझं काही जमत नाही. ठमी आतून बाहेर आली. आता सांगावं. आता नाही तर कधीच नाही. ती पोरं म्हातारी झाली, एक तर गेलाच, आणि आपणही काही कोवळ्या राहिलो नाही. तिने तोंड उघडलं आणि हिरामणने फोन उचलला.

“रघ्या, उद्या काय करतंस?”

“मी पन येते,” ठमी म्हणाली.

हिरामणने फोनवर हात ठेवला. “तू? तिकडे ते गाना कसा असतो ठाऊक हाय? इकडे पेटीतून येतो तोच कानात जात नाय तुज्या, तिकडे तर डोका फुटंल.”

“गान्याला नाय. हेमालीला बघायला. महिना झाला पोरीचं तोंड बघितलं नाय.”

झालं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, त्यातली गत. हिरामण म्हणाला, “मग तर बरा झाला. आमी दोघं आत जातो, तू तिच्यापाशी बस.” आणि रघूला पास मिळाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं निघाली. रघू गाडी चालवत होता, हिरामण पुढे, ठमी मागे. रेकॉर्ड कापडी पिशवीत घालून तिच्या मांडीवर दिली होती, वर सूचना की नीट धर. वडखळ गेलं, पोयनाड गेलं. ठमी पिशवीवर दोन्ही हात ठेवून बसली होती आणि स्वतःवरच चिडली होती. एवढ्या फटकळ खाडीकाठच्या बायका आम्ही, बाजारात भावावरून कुणाचं ऐकून घेत नाही, आणि नवऱ्याला एक गोष्ट सांगता येत नाही? पण बाजारात काय, सगळं उघड असतं. हे सांगितलं आणि हिरामण हसला तर? ‘तुना काय कलतं त्यातला’ असं पुन्हा म्हणाला तर? वीस वर्षांची असताना ते तिने गिळलं होतं. आता गिळलं गेलं नसतं.

हेमाली फाटकाशीच उभी होती. आईला बघून तिला आनंद झाला. अंगणात पोपटीची तयारी चालली होती. जाळात ठेवायच्या मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, वर भांबुर्ड्याचा पाला. रघूची नजर तिथेच खिळली.

“आई, तू इथं बस माझ्याजवळ,” हेमाली म्हणाली. “बाबा नि रघूकाका जातील. अजून अर्धा तास आहे, आता नुसतं वाजवून बघतायत.”

तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला. एकच गिटार, तीही कुणीतरी सहज छेडल्यासारखी. चार सूर. तांदूळ निवडायच्या गाण्याचे पहिले चार सूर, पण पेटीतून नाही, खरोखरीच्या हवेतून, नारळीच्या झावळ्यांतून. ठमी खुर्चीत बसायला वाकली होती ती तशीच सरळ झाली.

“रघूभावजी,” ती म्हणाली, “तुमचा पास मना द्या.”

हिरामणने तिच्याकडे बघितलं. “का गो?”

“मना जायचंय आत.”

“तुजा डोका दुखंल.”

“दुखूदे.”

रघूने खिशातून पास काढला तो इतक्या घाईने की चुरगळला. “घ्या वहिनी, घ्या. तुमच्या नवऱ्याने मांडणी कोसलते ती ऐकायला आनला मना. मी आपला मडक्यापाशी बसतो, तिकडे माजी गरज हाय.”

वाडीत खुर्च्या मांडल्या होत्या, पण लोक बसायला तयार नव्हते. बरेचसे पिकल्या केसांचे, मुंबईहून आलेले. हिरामण आणि ठमी कडेला एका माडाजवळ उभी राहिली. हिरामणने पिशवी काखेत धरली होती. सूर्य समुद्रावर कलला होता. मंचावर तीन म्हातारे आले. गाणारा तर उंच स्टुलावर बसला, एक हात गुडघ्यावर. हिरामण पुटपुटला, “त्याचे पन गुडघे गेलेत.”

पहिलंच गाणं सुरू झालं. घरी ती गाणी टेबलावरून यायची. इथे जमिनीतून येत होती. ढोल वाजला की वाळू चपलेखाली थरथरायची, पोटऱ्यांतून वर चढायची, छातीत बसायची. इतकी वर्षं तिने जमिनीवर टाच मारून गाणं हलवलं. आज गाणं जमीन हलवत होतं. तिने माडाला हात लावला, तर तोही आतून वाजत होता.

आवाज तो नव्हता. म्हणजे होता, पण जिथे फाटायला येऊन फाटत नसे तिथे आता फाटत होता. आणि गाणारा ते लपवत नव्हता, उलट थांबून हसत होता. एका गाण्यात तो कडवं विसरला, समोरच्यांनी ओरडून सांगितलं. रेकॉर्डवरचा तो कधी काही विसरला नव्हता. ठमीला दोघंही आवडले. घरातला कायम पंचविशीतला, आणि हा, आपल्याबरोबर म्हातारा झालेला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिच्या ध्यानात नव्हतं.

हिरामणने एकदा वळून पाहिलं. “दुखतंय का डोका?”

तिने मानेनेच नाही म्हटलं.

मग ते लागलं. गिटारीच्या पहिल्या आघातालाच तिला कळलं, हाकेचं गाणं. हिरामणही सावरून उभा राहिला, खुर्चीत सावरायचा तसाच. गाणारा माईकच्या जवळ वाकला. एक कडवं झालं, दुसरं झालं. हाक जवळ येत चालली. ठमीच्या अंगाला ते ठाऊक होतं. कुणाला विचारायची गरज नव्हती. गाणाऱ्याने हाक घातली, समुद्राकडे तोंड करून, लांब,

आणि ठमीने टाच मारली.

नेमकी त्या जागी. ना क्षणभर आधी, ना क्षणभर नंतर. टाच वाळूत रुतली, आवाज काही झाला नाही. शेजारच्या कुणाला काही कळलं नाही. पण हिरामणने स्वतःचा पाय उचलला होता, सवयीने, दुखऱ्या गुडघ्यासकट, आणि तो पाय हवेतच राहिला. तो ठमीच्या पायाकडे बघत होता. ठमीने ओठ चावला. इतक्या वर्षांचं गुपित, आणि फोडलं कुणी, तर स्वतःच्याच टाचेने.

दोघंही ढोलाची वाट बघत होती. टाच मारली की ढोल, हा त्या गाण्याचा नियम. पण ढोल वाजला नाही. सगळी वाद्यं थांबली. आणि तो म्हातारा, स्टुलावर बसल्या बसल्या, डोळे मिटून शीळ घालायला लागला.

ठमीला आधी वाटलं, हा पुन्हा विसरला. पण कुणी ओरडून सांगितलं नाही. सगळी वाडी शांत उभी होती, कितीतरी जण त्याच्याबरोबर हळूच शीळ घालत होते. सगळ्यांना माहीत होतं. नव्हतं ते फक्त या दोघांना. ओरखड्याच्या पोटात एवढी शीळ होती. इतकी वर्षं सुईने त्यावरून उडी मारली होती, आणि उडी मारायला लावली होती ती यांच्याच पायांनी. त्या हाकेला उत्तर होतं. लांबून, बारीक, पण उत्तरच. हाक ऐकू गेली होती.

हिरामणने पाय खाली टेकला. शीळ संपली, ढोल वाजला, सगळी माणसं नाचायला लागली. तो तिच्या कानाशी वाकला.

“ती लादी,” तो म्हणाला. “ती घूस तू?”

ठमीने त्याच्याकडे न बघता मान हलवली. होय.

त्यानंतरची गाणी हिरामणने किती ऐकली कुणास ठाऊक. तो तिच्याकडेच बघत होता. पुढचं गाणं लागलं तर तिचे ओठ हलत होते. शब्द नव्हते, नुसते आवाज, पण एकही चुकत नव्हता. कार्यक्रम संपला, लोक मंचाकडे सह्या घ्यायला धावले, आणि हे दोघं फाटकाकडे चालत निघाले. परतीच्या रस्त्यावर, पोयनाड यायच्या आधी, हिरामणला काखेतली पिशवी आठवली.

“दाखवायचा राहिला की गो त्याला.”

“परत जायचं?” रघूने विचारलं. पोट भरल्यामुळे तो उदार झाला होता.

“राहूदे,” हिरामण म्हणाला. या वेळी तो मागे बसला होता, ठमीशेजारी. थोड्या वेळाने त्याने हळूच विचारलं, “मना सांगितला का नाय?”

“तुमीच बोल्लाव. हात नको लावू, तुना नाय कलायचा.”

“मी? कवा?”

हिरामणने आठवून पाहिलं, त्याला काही आठवलं नाही. पण त्याने ते खोटंही म्हटलं नाही. बाहेर वडखळचे दिवे दिसायला लागले तेव्हा तो म्हणाला, “मना तरी कुठं कलतंय? इंग्रजीचा एक अक्षर नाय येत मना. मी आपला कव्हरवर हाय, म्हनून ऐकायला लागलो.” आणि मग, “बोललो असलो तर चुकलो मी, ठमे.”

ठमीला एकाएकी रडू आलं, आणि रघू आरशातून बघतोय म्हणून तिने ते खोकल्यावर नेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली. ठमीने भांडी घासली, ओटा पुसला. बाहेर येऊन बघते तर रेकॉर्ड प्लेयरचं झाकण उघडं, तबकडी काढून ठेवलेली, दुसरी बाजू वर. पिंजरा लादीवरून उचलून परसात नेऊन टाकला होता. आणि हिरामण दारात चपला घालत होता. गुडघ्यामुळे त्याला ते वेळखाऊ काम.

“या उन्हाचे कुठं चाललाव?”

“कुठं नाय,” तो म्हणाला. “नाक्यावर बसतो तासभर. तुजी दुपार तुना.”

त्याने काठी घेतली, उंबरा ओलांडला, एक पायरी उतरला. उन्हात त्याची पाठ तिला दिसली, कव्हरवर दिसते तीच.

“अवो,” ती म्हणाली, “बसा.”

तो परत आला आणि खुर्चीत बसला. तिने सुई ठेवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या समोर. मग आपल्या जागी, स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. तिसरं लागलं. हाक आली आणि अडकली. पुन्हा तीच, पुन्हा तीच. ठमीने खुर्चीकडे बघितलं. हिरामणने पाय हलवला नव्हता. त्याने ओठांचा चंबू केला होता आणि तो त्या अडकलेल्या हाकेवर शीळ घालत होता. पुढचे दोन दात पडलेले, शिळेपेक्षा वारंच जास्त, सूर तर कालच्या जवळपासही नाही.

ठमीने टाच उचलली होती. ती तिने तशीच धरून ठेवली, त्याची शीळ संपेपर्यंत.